नीलांबरचं स्थळ

नीलांबर एअरलाइन्सचं दिवाळं निघालं आणि हणमंतरावांना उद्योग मिळाला. मूळचा साताऱ्याकडचा, हवाईदलातून रिटायर झालेला माणूस. लखनौच्या सरोजिनी नगरात घर, गच्चीवरून विमानतळाचा कोपरा दिसतो, आणि नेमकी त्याच कोपऱ्यात नीलांबरची तीन विमानं उभी. मग काय विचारता! कंपनी कोण विकत घेणार, कोणात विलीन होणार, याचे अंदाज ते दुर्बीण लावून रोज बांधत.

सोमवारी ठरायचं, "दिल्लीवाले घेणार." बुधवारी, "छे, त्यांच्याच गळ्याशी आलंय. दुबईवाले!"

चंद्रप्रभाबाई मेथी निवडता निवडता म्हणायच्या, "अहो, पोरीसाठी इतकी स्थळं पाहिली असती तर एव्हाना नातवंडं खेळली असती."

पोर म्हणजे उत्कर्षा. नीलांबरमध्येच विमानदुरुस्तीची इंजिनियर. पगार बंद, बरोबरीचे सगळे दुसरीकडे पांगले. ही मात्र थांबलेली, कारण बाबांचा हुकूम! "ऑर्डर येईपर्यंत पोस्ट सोडायची नाही. कंपनी विकली की स्टाफ तसाच घेतात, लिहून ठेव." वरून ऑर्डर येतेच, यावर या फौजी माणसाचा देवापेक्षा जास्त भरवसा.

एका रविवारी सकाळी गच्चीवरून आरोळी आली. "आले! अगं, बघायला आले! फोटो काढतायत, इंजिनात डोकावतायत, टायरसुद्धा वाकून पाहतायत. पोहे टाक!" शेजारच्या तिवारीजींना त्यांनी कठड्यावरूनच सांगून टाकलं, "सौदा पक्का समझो!"

दुपारी उत्कर्षा आली. आधी पोह्यांची बशी संपवली.

"पापा, वो खरीदने नहीं आए थे. विमानं भाड्याची होती ना, त्यांचे मालक होते. ले जा रहे हैं. मैंने ही चेक करके दिए."

"पण मग दुबईवाले..."

"पापा. कोई नहीं आ रहा." तिनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "हैदराबादहून नोकरीसाठी दुसऱ्यांदा बोलावलंय. पहली बार मैंने मना कर दिया था. आप रोज़ इतने शौक से अंदाज़े लगाते थे, दिल नहीं हुआ."

हणमंतरावांनी गळ्यातली दुर्बीण काढून खाली ठेवली. चंद्रप्रभाबाई पुढे झाल्या.

"आता खरं बोला. कंपनी वाचायला नको होती तुम्हाला, पोर घरात हवी होती."

"हो, हवी होती! मग? गुन्हा आहे का?" त्यांचा आवाज चिरकला.

"मला दर तीन वर्षांनी बिऱ्हाड बांधायला लावलंत. जोरहाट काय, भूज काय. माझी आई दारात उभी राहून रडायची, तेव्हा 'पोस्टिंग आहे' म्हणून मोकळे!"

"चुकलंच माझं," हणमंतराव म्हणाले. "आज कळलं तिला काय होत असेल."

संध्याकाळी त्यांनी माळ्यावरची काळी ट्रंक उतरवली. फौजेच्या रिवाजाप्रमाणे ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नाव आणि मुक्काम घालायचा असतो, आणि त्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या युनिटमध्ये कुणी नव्हता. मान खाली घालून ते एकेक अक्षर कोरत बसले.

उत्कर्षा बघायला आली आणि खो खो हसत सुटली. "पापा! मुक्काम 'लखनौ' लिख दिया! सामान तो यहीं लौट आएगा!"

हणमंतरावांनी वाचून पाहिलं. खरंच की.

"येऊ दे," ते म्हणाले, आणि ब्रश धुवायला मोरीत गेले ते बराच वेळ बाहेर आलेच नाहीत.