पाचाच्या पाढ्यातला जन्म

“नाडी एक येतेय हो दोघांची,” मुलाची आई म्हणाली आणि चहाला तोंडही न लावता तिने कप टीपॉयवर ठेवून दिला. “बाकीचं सगळं जुळतंय. पण गुरुजी म्हणाले, नाडीत भोपळा आला की बाकीच्या गुणांना विचारायचंच नाही.”

मला राग यायला तेवढं पुरे होतं. रविवारची सकाळ, अकरा वाजलेले. बोलणी दीड महिन्यापूर्वी झाली होती, हॉल पाहून झाला होता, माझ्या लेकीने कामावर रजेचा अर्जही देऊन टाकला होता. पत्रिका बघायच्या नाहीत, असं ह्याच बाईंनी ह्याच सोफ्यावर बसून सांगितलं होतं. मग मधल्या काळात त्यांना कुणीतरी म्हणालं, एकदा नजरेखालून घालायला काय हरकत आहे? झालं. नजरेखालून घातलं आणि आता ठरलेलं लग्न मोडायला आल्या होत्या.

“नाडी एक आली की काय होतं?” मी विचारलं. मला माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

“मूलबाळ होत नाही म्हणतात. झालंच तर…” त्या अडखळल्या. “दोघांपैकी एकाच्या जिवावर बेततं. एकुलता एक आहे हो माझा.”

एकुलता एक त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. तो लिफ्ट दुरुस्त करतो. माझी लेक चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. त्या दुकानाच्या इमारतीची लिफ्ट एकदा दोन मजल्यांच्या मध्ये बंद पडली, ही आत अडकली, आणि हा चाळीस मिनिटं बाहेरून तिच्याशी बोलत राहिला. घाबरू नका, पंखा चालू आहे ना, मी इथेच आहे, कुठे जात नाही. घरी येऊन ती मला ते सगळं त्याच्या आवाजात म्हणून दाखवायची. आमच्या घरात त्याचं नावच लिफ्टवाला पडलं. आज मात्र लिफ्टवाल्याची वाचा बसली होती.

“माझ्या लग्नात छत्तीसपैकी बत्तीस गुण जुळले होते,” मी म्हणाले. “नवरा सहाव्या वर्षी दुसरीकडे राहायला गेला. माणूसपणाचे गुण बहुतेक त्या उरलेल्या चारांत होते.”

लेकीने दारातून माझ्याकडे डोळे वटारले. ती बिस्किटांचा ट्रे घेऊन तिथेच थबकली होती.

मुलाच्या आईने राग धरला नाही. त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे, तीस वर्षं झाली. “तुमची वेळच चुकीची नोंदवली असेल,” त्या म्हणाल्या. “मी रोज बघते ना. माप पाव इंचाने चुकलं तरी कपडा अंगाला बसत नाही. हेही तसंच असतं. वेळ पक्की हवी. ह्याची एकदम पक्की आहे.” आणि त्यांनी पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेला एक कागद काढला.

मी तो हातात घेतला. जुनी जन्मचिठ्ठी. वर छापलेलं नाव आमच्याच हॉस्पिटलचं. खाली शाईने भरलेलं: मुलगा, वजन दोन किलो सातशे, वेळ दुपारी ३.२५. पाचाची शेपटी लांब ओढायची खोड मला शाळेपासून आहे. अक्षर माझं होतं.

प्रसूती विभागात मी एकतीस वर्षं नर्स आहे. जन्माची वेळ कशी लिहितात ते मला विचारा. बाळ बाहेर येतं तेव्हा घड्याळाकडे बघायला कुणी मोकळं नसतं. एक हात बाळाच्या मानेखाली, दुसरा नाळेवर. बाळ पुसायचं, आईचं रक्त किती जातंय ते बघायचं, वार पडायची वाट बघायची. सगळं आवरलं की मान वर करायची, भिंतीवर किती वाजलेत बघायचं, अंदाजाने दहा-पंधरा मिनिटं वजा करायची आणि जवळचा आकडा टाकायचा. एकतीस वर्षांत मी एकही मूल तीन वाजून सतरा मिनिटांनी जन्माला येऊ दिलेलं नाही. आमच्याकडे सगळी पाचाच्या पाढ्यात जन्मतात. पुढे कुणीतरी गृहस्थ चष्मा सरसावून त्या आकड्यावर नक्षत्रं आणि चरण मांडत बसतो, आणि चांगल्या पोरींची लग्नं मोडतात.

“ही चिठ्ठी मी लिहिली आहे,” मी म्हणाले.

“अगंबाई!” त्यांचा चेहरा एकदम फुलला. “म्हणजे तुम्हीच होतात तिथे? बघा, योग म्हणतात तो हा!”

“योग कसला डोंबलाचा! ही वेळ मी अंदाजाने टाकली आहे.”

त्यांना ते समजलंच नाही. मग मी सांगायला लागले. तारीख बघितल्याबरोबर मला सगळं आठवलं होतं. नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती, आणि असं बाळ मी त्याआधी एकटीने कधी सांभाळलं नव्हतं.

“तुमचं रक्त थांबत नव्हतं,” मी म्हणाले. “तुम्ही शुद्धीवर नव्हता. डॉक्टर एकच, ते तुमच्याकडे. शेजारच्या टेबलावर दुसरी बाई कळा देतेय, तिच्याजवळ आया. आणि हा माझ्या हातात. निळा पडलेला. रडला नाही.”

मुलाने त्या सकाळी पहिल्यांदा मान वर केली.

“तळव्यांना टिचक्या मारल्या, पाठ चोळली. ढिम्म. तेव्हा नळी आपल्या तोंडात धरून बाळाच्या घशातली घाण ओढावी लागायची, ती ओढली. मग नाकातोंडावर मास्क धरला आणि फुगा दाबत बसले. दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा. घड्याळ कुणी बघायचं ताई? मी? मी बघत बसले असते ना, तर हा आज इथे बसलेला दिसला नसता तुम्हाला.”

“मला कुणी बोललं नाही,” त्या हळूच म्हणाल्या.

“काय बोलायचं होतं? रडला, गुलाबी झाला, तुम्ही शुद्धीवर आल्यावर कुशीत दिला. टाके घालता घालता डॉक्टरांनी विचारलं, सिस्टर, वेळ? मी वर बघितलं, चार वाजायला वीस कमी होते. पंधरा वजा केले आणि लिहून टाकले तीन पंचवीस. एवढंच आहे त्या आकड्यात.”

मला वाटलं, आता विषय मिटला. बाईंचे डोळे भरून आले होते, त्यांनी पदराने टिपलेही. मग त्या ओठांतल्या ओठांत काहीतरी हिशेब करू लागल्या.

“म्हणजे आधीचीही असू शकते?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“वेळ. तीन पंचवीसच्या आधीची.”

“असेल. नंतरचीही असेल.”

त्या फोन घेऊन गॅलरीत गेल्या. गुरुजींशी पाच मिनिटं बोलल्या आणि परत आल्या त्या हसतच. “नक्षत्र तीन दहाला बदलतंय! त्याआधीचा जन्म असला तर नाडी वेगळी. मग एकूण तीस गुण होतात, तीस! तुम्ही फक्त एक करा, एका कागदावर लिहून द्या की वेळ तीन वाजून पाच मिनिटं होती. सही करा. हॉस्पिटलचा शिक्का उद्या मारून आणलात तरी चालेल.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सांगितलं काय आणि ह्या बाईने उचललं काय! पोर मरता मरता वाचलं ते एका मिनिटात मागे पडलं, आणि हातात काय राहिलं, तर पुन्हा एक आकडा. ज्या वेळेला मी त्याच्या छातीकडे डोळे लावून बसले होते, त्याच वेळेतून मी आता ह्यांच्या सोयीचं मिनिट काढून द्यायचं होतं.

“मला वेळ माहीत नाही,” मी म्हणाले. “तीन पाच असेल, तीन वीस असेल. खरंच माहीत नाही.”

“मग तीन पाच असेलही की! त्यात खोटं काय आहे?”

‘असेल’ हा शब्द माझाच होता, आणि ह्याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला. मी लेकीकडे बघितलं. गेला दीड महिना ही मुलगी घरात गुणगुणत वावरत होती. बाप घर सोडून गेल्यापासून तिचं गुणगुणणं मी ऐकलं नव्हतं. कपडे वाळत घालताना, केस विंचरताना, काही ना काही चालू असायचं. ते बंद पडायला नको होतं मला. म्हणून मी पेन मागितलं. हो, मागितलं. सांगताना लाज वाटते, पण मागितलं.

लिफ्टवाल्याने चटकन खिशातलं पेन काढून दिलं. “घ्या ना काकू,” तो म्हणाला. “लिहून टाका. एका आकड्याने काय होतंय!”

सकाळपासूनचं त्याचं हे पहिलं वाक्य.

मी कागद घेतला. तारीख घातली. ‘दुपारी’ असं लिहिलं आणि पुढे ३ काढला.

“थांब, आई.” लेकीने ट्रे टीपॉयवर ठेवला. ती माझ्याशी बोलत होती पण बघत होती त्याच्याकडे. “मघाशी तीन पंचवीसच होतं, तेव्हा तू काय म्हणणार होतास?”

“म्हणजे?” त्याने विचारलं.

“म्हणजे ही चिठ्ठी दुसऱ्या कुणी लिहिलेली असती तर. आईला काही ठाऊकच नसतं तर. तर तू काय म्हणणार होतास?”

त्याने आपल्या आईकडे बघितलं. “अगं, पण आता सुटतोय ना प्रश्न.”

“मी ते नाही विचारलं.”

“समजावलं असतं मी आईला. हळूहळू.”

“आणि त्यांना नसतं पटलं तर?”

तो अंगठ्याने गुडघ्यावरची इस्त्रीची घडी सरळ करत बसला. उभं राहून ओरडावंसं वाटत होतं मला, अरे बोल की गाढवा, दोन शब्द बोल, ह्या मुलीला एवढंच हवंय! चाळीस मिनिटं लोखंडी दाराशी बोलला होतास ना, मग आता मूग गिळून का बसलास? घडी सरळ झाली तरी त्याचा अंगठा तिथेच फिरत राहिला.

“अगं, स्वभावच गरीब आहे त्याचा,” त्याची आई म्हणाली. “सगळं जमून येतंय, कशाला ताणतेस?”

लेकीने माझ्या हातातून पेन काढून घेतलं, टोपण लावलं आणि त्याच्या समोर धरलं. त्याने ते घेतलं. “काकू, तुम्ही घाबरलात ते मला कळतं,” ती म्हणाली. “तुमचा मुलगा आहे. तुमच्यावर माझा राग नाही. पण ह्याला माझ्यासाठी एक वाक्य बोलता आलं नाही, आणि आता माझ्या आईने खोटं लिहून द्यायचं. नको. हे लग्न मला करायचं नाही. चहा गार झालाय तुमचा. दुसरा मी करत नाही.”

आपण काय गमावलं ते त्याला दारापाशी जाऊन कळलं असावं. तो वळला, त्याने तिचं नाव घेतलं आणि चपला पायात सरकवल्या. त्याच्या आईने चिठ्ठी पाकिटात घातली आणि उंबऱ्यात मला विचारलं, “किती वेळ रडला नव्हता हो तो?”

“नाही सांगता येणार, ताई.”

जिना उतरताना त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला होता, पंज्याने सगळी पाठ चाचपत चालल्या होत्या. मला त्या बाईचा राग यायला हवा होता, आणि त्या क्षणापुरता तो येईना. म्हणून मी दार आपटलं.

मग मात्र मी तोंड सोडलं. गुरुजींना, त्यांच्या पंचांगाला, त्या नेभळटाला, त्याच्या एका आकड्याने काय होतंय म्हणण्याला, आणि पेन हातात घेणाऱ्या मलाही. लेक कप उचलून स्वयंपाकघरात गेली होती. मी बोलत बोलत तिच्या मागे गेले. “मीच शहाणी! कशाला सांगत बसले ते सगळं? तेव्हा फुगा दाबला, आज पेन उचललं, सगळं त्याच्यासाठीच—”

“तू त्याला वाचवलंस ते चांगलंच केलंस, आई,” ती माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली. “त्याबद्दल काही बोलू नकोस.”

ती कप घासत होती. चहा न प्यायलेला कप, त्याला घासायचं ते काय? तरी घासत होती, पुन्हा पुन्हा, आणि नळ पूर्ण सोडलेला. तिचे खांदे वर चढले होते आणि ते खाली येईनात. श्वास धरून ठेवला की बाई कशी दिसते ते मला पाठमोरंही ओळखता येतं. एकतीस वर्षं मी बायकांना दटावत आलेय, ओरडू नका, ओरडून काही होत नाही, दम वाचवा. माझ्या धाकाने कितीजणी तोंडात पदर कोंबून पडून राहिल्या असतील, देव जाणे.

मी पुढे होऊन नळ बंद केला.

“ओरड,” मी म्हणाले.

“आई, समोर ऐकू जाईल.”

“जाऊ दे. ओरड.”

आधी नुसता श्वास सुटला. मग ती ओट्याला धरून खाली वाकली आणि ओरडली, पोटातून, इतक्या जोरात की कप तिच्या हातातून सुटून बेसिनमध्ये पडला. मी तिच्या कंबरेवर हात दाबून धरला. समोरच्या घराची खिडकी उघडली आणि शेजारीण डोकावली. “काय झालं हो? कुणी पडलं का?”

“नाही,” मी म्हणाले. “माझी लेक रडतेय.”

शेजारीण अवघडून आत गेली. आमची खिडकी मी लावली नाही.