तपासणीसाठी एक टोप

टोपवाल्या बाईंना उभ्या जन्मात कुणी लबाड म्हटलं नव्हतं. पण विमानतळावर कस्टम्सच्या टेबलामागच्या साहेबांनी नुसतं बोटाने "इकडे या" असं खुणावलं, आणि बाईंचा चेहरा सराईत चोरासारखा झाला.

बाई एका नाटकमंडळीसाठी केसांचे टोप बनवायच्या. परदेशातला दौरा आटोपला होता. नटमंडळी मागून येणार होती, पण टोपांची पेटी बाईंनी दुसऱ्या कुणाच्या हाती दिली नव्हती. सोबतीला थोरली बहीण होती. तिला सगळे ताई म्हणत, आणि शक्यतो तिच्याशी वाद टाळत.

साहेबांनी पेटी उघडायला लावली आणि ते दचकून मागे सरकले. आत राजा, दरोडेखोर, सावकार आणि एक सावत्र आई डोक्याला डोकं लावून पडले होते.

"हे काय आहे?"

"केस," ताई म्हणाल्या. "तुम्हाला काय वाटलं, मांजरं?"

"म्हणजे व्यापारी माल. ड्यूटी लागेल."

"अहो, आमचेच आहेत," बाई चाचरत म्हणाल्या. "जाताना इथूनच नेले होते. हा बघा कागद."

साहेबांनी कागद उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला. "शिक्का पुसट आहे."

"तुमच्याच ऑफिसचा आहे," ताई म्हणाल्या.

"म्हणूनच सांगतो. आमचे शिक्के पुसटच असतात. पण ते चालत नाहीत." मग साहेबांनी आवाज खाली आणला. "हे बघा, वाढवलं तर वाढेल, मिटवलं तर मिटेल. चहापाण्याचं काहीतरी बघा."

बाईंना अर्थ बरोबर कळला. त्यांचा हात पर्सकडे गेला. पण ताईंनी त्याआधीच पिशवीतून थर्मास काढला होता.

"आधी नाही का सांगायचं! केव्हाचे उभे आहात बिचारे. विमानातल्या मुलीकडून भरून घेतलाय हो. साखर जरा कमी आहे."

रांगेतले लोक माना उंचावून बघू लागले. साहेबांना कप घ्यावा लागला.

"पाणीही देऊ?" ताईंनी विचारलं.

चहा पिता पिता साहेबांची नजर पेटीतच घुटमळत होती. बाईंनी त्यांचं डोकं पहिल्याच क्षणी पाहून ठेवलं होतं. डाव्या कानावरचे मोजके केस लांब वाढवून, टकलावरून ओढून नेऊन उजव्या कानापाशी चिकटवलेले. शेवटी साहेबांनी नायकाचा काळाभोर कुरळा टोप उचलला.

"तपासणीसाठी एक नमुना ठेवून घ्यावा लागेल," असं म्हणून ते शेजारच्या काचेच्या खोलीत गेले.

"टोपाची तपासणी कशी करतात गं?" ताईंनी विचारलं.

बाईंनी काचेतून डोकावून पाहिलं. साहेबांनी टोप घातला होता, आणि तोही मागचं पुढे! एकेक केस जाळीत ओवून बाईंनी तो बनवला होता. त्याचे असे हाल बघून त्यांची भीती कुठल्या कुठे पळाली. त्या पेटीतली डिंकाची बाटली घेऊन तडक आत घुसल्या.

"अहो, उलटा घातलाय तुम्ही! बसा खाली. मान हलवू नका."

साहेब शहाण्या मुलासारखे बसले. बाईंनी कपाळाच्या कडेने डिंक लावला, टोप बसवला, बटा मोकळ्या केल्या. खुर्चीत एक देखणा, जरासा गोंधळलेला तरुण दिसू लागला.

तेवढ्यात दार उघडून मोठ्या मॅडम आल्या. साहेबांच्या वरच्या अधिकारी.

"ए मिस्टर, प्रवाशांनी आमच्या खुर्चीत बसायचं नाही. इथले साहेब कुठे गेले?"

"मॅडम, मीच तो."

आपला टोप इतका बेमालूम बसलेला पाहून बाईंच्या अंगावर त्या परिस्थितीतही मूठभर मांस चढलं.

"हा काय प्रकार आहे?" मॅडमनी विचारलं.

"तपासणी, मॅडम."

"डोक्याने? झाली असेल तर काढा तो."

साहेबांनी टोप ओढला. भुवया वर गेल्या, टोप जागचा हलला नाही.

"ओढू नका, जाळी फाटेल!" बाई ओरडल्या. "डिंक सोडवायच्या औषधाशिवाय असा निघायचा नाही तो. आणि औषधाची बाटली पर्समध्ये होती. ती तिकडच्या विमानतळावर काढून घेतली. पातळ पदार्थ म्हणे. नियम म्हणजे नियम. आता घरी कोमट तेलानेच सोडवावा लागेल."

मॅडम पाठ फिरवून थोडा वेळ भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. मग कोरड्या आवाजात त्या म्हणाल्या, "पेटी सोडा. यांच्याबरोबर यांच्या घरी जा आणि टोप परत करून या. टॅक्सी तुमच्या खर्चाने. तुमची तपासणी मी उद्या करते."

साहेब पेटी उचलून निघाले. बाहेरच्या फाटकावर पहारेकऱ्याने त्यांना अडवलं. त्याने ओळखपत्रावरचा फोटो पाहिला, समोरचे कुरळे केस पाहिले, पुन्हा फोटो पाहिला.

"हा माणूस वेगळा दिसतोय. असं सोडता येणार नाही." मग त्याने आवाज खाली आणला. "बघा काहीतरी."

"थर्मासमध्ये कपभर असेल अजून," ताई म्हणाल्या.

साहेबांनी खिशात हात घातला.

घरी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर त्यांना बसवून बाईंनी तेल कोमट केलं आणि कापसाने कडेकडेने डिंक सोडवायला घेतला. साहेबांनी हातातला आरसा खाली ठेवला नव्हता. निम्मा टोप सुटला तसे ते हळूच म्हणाले, "एक मिनिट थांबता? बायकोने एकदा बघायला हवं होतं."

बाईंना हसू आलं, आणि वाईटही वाटलं. त्या थांबल्या. साहेबांनी डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं आणि आरसा पालथा ठेवला. टोप अलगद निघाला. टकलाला वारा लागला तसा त्यांनी डोक्यावर हात ठेवला.

"ऑर्डर घेता का हो तुम्ही?"

"पैसे देऊन?" ताईंनी ओट्यापाशी उभ्या उभ्या विचारलं.

"पैसे देऊनच," साहेब म्हणाले. हे शब्द त्यांच्या तोंडात जरा अवघडल्यासारखे वाटत होते.

बाईंनी खुंटीवरची टेप काढली. साहेबांनी मान खाली घातली.

"कपाळ जरा मोठं आहे," टेप गुंडाळत बाई म्हणाल्या, "पण होईल."