मेहुण्याचा ड्रायव्हर

दातांच्या डॉक्टरांचं एक ठाम मत होतं आणि ते ऐकून घेतल्याशिवाय क्लबात कुणाला सुखानं चहा पिता येत नसे. गोल्फ आता माणसं खेळत नाहीत, काठ्या खेळतात.

"पूर्वी चेंडू बरोब्बर मध्यावर बसला नाही की हाताला झिणझिण्या यायच्या," ते सांगत. "चूक झाली हे आधी हाताला कळायचं. आता कुठेही लागू द्या, चेंडू आपला सरळ! ते टीव्हीवरचे व्यावसायिक बघा. झाडांच्या डोक्यावरून उडवायचा, मग एक टिचकी मारायची, झालं. डोकं कुठे लागतंय त्यात? मैदानं लांबवत चाललेत, पण काठ्यांना लगाम घालायची कुणाची टाप नाही."

तरी व्यावसायिकांची एकही स्पर्धा ते चुकवत नसत. दर शनिवारी टीव्हीसमोर बसून शिव्या घालायच्या, हा त्यांचा नेम होता. त्यांच्या स्वतःच्या काठ्या कॉलेजात असताना घेतलेल्या, आणि ड्रायव्हर, म्हणजे पहिला लांब फटका मारायची काठी, चक्क लाकडी डोक्याचा. क्लबात मागून त्यांना 'म्युझियम' म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

"दवाखान्यात मात्र दर दोन वर्षांनी नवी खुर्ची लागते तुम्हाला," बायको म्हणायची. "तिथे नाही वाटत, खुर्चीच दात काढते म्हणून?"

मेहुण्याला, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाला, गोल्फ डॉक्टरांनीच शिकवलं होतं. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. दर रविवारी दोघं डॉक्टरांच्या गाडीनं जायचे. मेहुण्याच्या घरात जागा नव्हती, म्हणून त्याची बॅगही डॉक्टरांच्या डिकीतच असायची. कित्येक वर्षं तो हसत हसत हरत आला. मग त्याचा खांदा आखडला, हात वर जाईना. कुणीतरी सुचवलं, हलका, नव्या बनावटीचा ड्रायव्हर वापरून बघ. त्यानं एकाकडून वापरलेलाच घेतला आणि त्याचा चेंडू डॉक्टरांच्या चेंडूच्या पुढे जाऊन पडू लागला.

"काठीनं मारला हा, तू नाही," डॉक्टर म्हणत.

"असेल," मेहुणा म्हणे. "पण काठी धरली होती मीच ना, भावजी?"

त्या वर्षी क्लबची वार्षिक स्पर्धा नेहमीसारखी दोन रविवारांत होती. पहिल्या रविवारी मेहुणा सगळ्यांच्या पुढे होता आणि त्याच्या पाठोपाठ डॉक्टर. घरी आल्यावर डॉक्टर धड जेवले नाहीत.

नेमकी त्याच आठवड्यात शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मैदानावर व्यावसायिकांची स्पर्धा होती. डॉक्टर दवाखाना बंद ठेवून बघायला गेले. सरावाच्या जागेमागे एक तंबू होता. त्यात एक तंत्रज्ञ खेळाडूंचे ड्रायव्हर तपासत होता. पोलादाची एक छोटी गोळी झुलत येऊन काठीच्या तोंडावर आपटायची आणि यंत्रावर आकडा उमटायचा. डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा त्यानं समजावून सांगितलं. वापरून वापरून ड्रायव्हरचा पत्रा लवचीक होतो, चेंडू जास्तच जोरात उडवतो. त्याला मर्यादा आहे.

"मर्यादेबाहेर गेला तर? त्या खेळाडूचं काय करता?"

"करायचं काय? दुसरा वापर म्हणतो. काठ्या बनवणाऱ्या कंपनीची गाडी उभीच असते बाहेर. बिचारा मुद्दाम थोडाच करतो? नावसुद्धा बाहेर जात नाही."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर पुन्हा गेले. या वेळी डिकीतल्या बॅगेतून काढलेला ड्रायव्हर त्यांच्या हातात होता.

"माझ्या मेहुण्याचा आहे. जरा बघता?"

तंत्रज्ञानं दोनदा तपासला. "जरासा पलीकडे गेलाय. त्यांना सांगा, बदलून घ्या."

"सांगतो," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी ड्रायव्हर होता तसा बॅगेत ठेवून दिला. दोन दिवसांनी मेहुणा बायकोपोरांसह जेवायला आला. डॉक्टरांनी त्याला आग्रह करकरून वाढलं. ड्रायव्हरबद्दल मात्र काही बोलले नाहीत.

रविवारी सकाळी गाडीत मेहुणा म्हणाला, "भीती वाटतेय, भावजी. काय करू?"

"काही नाही. नेहमीसारखा खेळ," डॉक्टर म्हणाले.

मेहुणा नेहमीसारखा खेळला. लढत अटीतटीची झाली आणि शेवटचा लांबचा चेंडू त्यानं अलगद ढकलला, तो बरोब्बर झेंड्याच्या भोकात पडला आणि मेहुणा जिंकला. त्या चेंडूशी ड्रायव्हरचा काही संबंध नव्हता. डॉक्टरांची बायको कुंपणाशी उभी राहून टाळ्या पिटत होती. मेहुण्यानं टोपी हवेत उडवली आणि धावत येऊन डॉक्टरांना मिठी मारली. "तुम्ही शिकवलंत, भावजी!"

डॉक्टरांनी त्याची पाठ थोपटली. मग ते सरळ सेक्रेटरीच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "त्याच्या ड्रायव्हरला माझी हरकत आहे."

सेक्रेटरीनं कपाळाला हात लावला, पण लेखी नियम समोर होते. ड्रायव्हर त्या तंबूत पाठवला गेला आणि तासाभरात परत आला. मर्यादेबाहेर.

"व्यावसायिक स्पर्धांत काय करतात हो अशा वेळी?" सेक्रेटरीनं विचारलं. "तुम्हाला त्यातलं सगळं माहीत असतं."

"मर्यादेबाहेरची काठी चालत नाही," डॉक्टर म्हणाले. बोलले ते खरंच होतं. पुढचं ते बोलले नाहीत.

मेहुण्याचा डाव बाद झाला आणि कप डॉक्टरांना मिळाला. मेहुण्यानं त्यांचा हात हातात घेतला, म्हणाला, "अभिनंदन." मग डिकीतून आपली बॅग काढली आणि टॅक्सी करून निघून गेला. डॉक्टरांची बायको भावाबरोबर गेली, संध्याकाळी उशिरा परतली आणि काहीच बोलली नाही.

क्लबातले लोक मात्र गप्प राहणारे नव्हते. दर रविवारी पहिल्या फटक्याच्या जागी कुणी ना कुणी आपला ड्रायव्हर डॉक्टरांपुढे धरायचं. "जरा बघून घ्या हो डॉक्टर. नंतर कटकट नको." बाकीचे खो खो हसायचे. एकानं तर तपासायला पाण्याची बाटली पुढे केली. डॉक्टर खेळत राहिले. हळूहळू त्यांच्याबरोबर खेळायला माणूस मिळेनासा झाला. मग ते एकटेच जाऊ लागले.

काही महिन्यांनी एका शनिवारी टीव्हीवर स्पर्धा चालू होती. बायको कोपऱ्यात उसवलेल्या कपड्यांना टाके घालत बसली होती. समालोचक सांगत होता, आघाडीच्या खेळाडूनं स्वतःच सांगितलंय, त्याचा ड्रायव्हर सकाळी तपासणीत नापास झाला, त्यानं दुसरा घेतला आणि बघा, तरी पुढेच आहे.

"म्हणजे बदलून वापरू देतात?" बायकोनं मान वर न करता विचारलं.

"हं."

"तुम्हाला माहीत होतं?"

खोटं बोलायचा विचार डॉक्टरांच्या मनात येऊन गेला. "होतं," ते म्हणाले.

तिनं दातांनी दोरा तोडला. "माझ्या भावालाही माहीत होतं. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं गेलो होतो त्या तंबूत. आपलं खरंच चुकलं का, हे त्याला विचारायचं होतं. त्या माणसानं ड्रायव्हर लगेच ओळखला. म्हणाला, हा मी याच आठवड्यात तपासला होता, तुमच्या घरचे घेऊन आले होते, त्यांनी सांगितलं नाही का?"

डॉक्टरांना टीव्हीवरचं काही दिसेना.

"मग तू इतके दिवस..."

"तुम्ही कधी सांगता, त्याची वाट बघत होते," ती म्हणाली आणि कपड्यांची घडी घेऊन आत गेली.

सोमवारी दवाखाना उघडण्याआधी डॉक्टर मेहुण्याच्या दुकानात गेले. मेहुणा एका चष्म्याची काडी गरम करून वाकवत होता. "या, भावजी, बसा," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं डॉक्टरांना वाटलं.

"मी सेक्रेटरीशी बोलतो," ते म्हणाले. "सगळं सांगतो. कप तुझा आहे."

"कशाला? ताईला आणखी चार लोकांत मान खाली घालायला लावायचीय का?"

"मग निदान खेळायला तरी ये. माझ्याबरोबर नको, दुसऱ्या कुणाबरोबर ये."

मेहुण्यानं चष्मा उजेडात धरला, काडी नीट वाकली का ते पाहिलं. "बॅग देऊन टाकली मी. आता पोहायला जातो, खांद्यालाही बरं पडतं. खरं सांगू? मला तो खेळ कधी फारसा आवडलाच नाही. रविवारी तुमच्याबरोबर जायला मिळायचं, म्हणून खेळत होतो."

डॉक्टर काहीतरी बोलणार, तोच एक बाई चष्मा न्यायला आल्या.

"हे माझे भावजी," मेहुण्यानं ओळख करून दिली. "दातांचे डॉक्टर आहेत. हात फार हलका आहे त्यांचा."

"अय्या, बरं झालं!" बाई म्हणाल्या. "ही मागची दाढ बघा ना, गार काही प्यायलं की ठणकते." आणि तिथेच उभ्या उभ्या त्यांनी तोंड उघडलं.

डॉक्टर वाकले, दुकानाच्या दिव्याखाली त्यांनी दाढ पाहिली. कीड लागलीय, पण वाचेल, दवाखान्यात या, म्हणाले. बाई आणखी दोन प्रश्न विचारून, चष्मा घालून गेल्या. डॉक्टरांनी वळून पाहिलं तर गल्ल्यावर नोकर बसला होता.

"साहेब आत नाश्त्याला बसलेत," तो म्हणाला. "काही निरोप द्यायचाय का?"

"नाही," डॉक्टर म्हणाले आणि दवाखाना उघडायला निघून गेले.