पावाच्या भट्टीत लपवलेला कप्तान

मी एक जुने तैलचित्र आहे, मित्रांनो. उंची जेमतेम हातभर. माझ्यावर निळ्या गणवेशातला एक फ्रेंच कप्तान रंगवलेला आहे. पण त्याचा चेहरा शोधू नका, तो आता दिसत नाही.

लोरेन प्रांतातले कप्तान अँसेल्म कोलार क्रिमियाच्या लढाईवर निघाले, तेव्हा माझा जन्म झाला. चित्रकाराने त्यांना अकरा दिवस खुर्चीत बसवले. ते सारखे चुळबुळत. चित्रकार वैतागून म्हणे, "अहो कप्तान, तोफेसमोरही असेच हलता का?" त्यांची मधोमध चिरलेली हनुवटी, जरा वर चढलेली डावी भुवई, सारे माझ्यावर हुबेहूब उतरले.

कप्तान परत आले नाहीत. त्यांची पत्नी क्लोतिल्द रोज मऊ फडक्याने माझी धूळ पुसायची. मुलगा इझिदोर माझ्याखाली जेवत वाढला आणि वाढता वाढता हनुवटी-भुवईसकट थेट माझ्यासारखा झाला. पाहुणे कौतुक करत. मी सुखावत असे.

मग १८७० साल आले. फ्रान्सशी युद्ध पुकारून जर्मनीतल्या प्रशियाचे सैन्य गावात शिरले. नदीवरचा पूल कोणीतरी उडवला आणि कप्तान कोलारच्या मुलावर संशय आला. सापडला की गोळी, हे ठरलेले. इझिदोर जुने कपडे घालून स्वतःच्याच घरात गडी बनून राहिला. गावाने तोंड शिवले. दगा देऊ शकणारा एकच होता, मित्रांनो: मी. आम्हा दोघांचे चेहरे शेजारी दिसले असते, तर आंधळ्यालाही कळले असते.

एके सकाळी अंगणात बूट वाजले.

"आई, जाळ ते चित्र!" इझिदोर म्हणाला.

"तुझ्या बापाला दुसऱ्यांदा मारू होय रे?"

तिने मला चौकटीतून ओढून काढले आणि स्वयंपाकघरातल्या पावाच्या थंड भट्टीत अगदी मागे सरकवले. मी राखेत पडलो. कपाटे उघडल्याचे, भांडी फुटल्याचे आवाज येत होते. मग प्रशियन सार्जंटचा मोडक्यातोडक्या फ्रेंचमधला आवाज अगदी जवळ आला.

"आठ माणूस. पाव पाहिजे. ए गडी, भट्टी पेटव!"

भट्टीचे दार उघडले. इझिदोरने आत डोके घातले. आम्ही समोरासमोर आलो. नाही म्हणावे तर संशय, पेटवावे तर मी संपलो. तो मागे वळला, लाकडे घेऊन आला आणि भट्टीच्या तोंडाशी रचून त्याने जाळ केला.

मी ओरडू शकत नव्हतो. माझी कड करपली, गालावरचा रंग फुगला. पण लाकडे ओली होती. त्याने मुद्दाम ओलीच आणली होती! दाट काळा धूर माझ्यावरून फिरून स्वयंपाकघरात भरला.

"गाढवा!" क्लोतिल्द ओरडली आणि तिने मुलाच्या थोबाडीत मारली. "ओलं लाकूड घालतोस? एवढीही अक्कल नाही? साहेबांना उपाशी ठेवतोस?"

"चुकलं, बाईसाहेब," तो खाली मान घालून म्हणाला.

सार्जंट खोकत खोकत हसला. "म्हातारी, तुझा गडी बैल!" डोळे पुसत ते सगळे शेजारच्या गल्लीत पाव शोधायला गेले.

क्लोतिल्दने जाळावर पाणी ओतले. मग मुलाचा लाल गाल दोन्ही हातांत धरून ती किती वेळ तरी रडत राहिली. मला बाहेर काढले, तेव्हा कप्तानांच्या जागी फक्त काजळी होती.

युद्ध संपल्यावर एका चित्रकाराने माझी साफसफाई करून द्यायची तयारी दाखवली. क्लोतिल्द म्हणाली, "राहू द्या. तो चेहरा समोर बसून सूप पितोय."

आता त्या घरात नवी माणसे आहेत. मी माळ्यावर आहे. मला ओलीची, उंदरांची आणि कोणीतरी मला चुलीत घालील याची भीती वाटते. मित्रांनो, काळे पडलेले चित्र दिसले तर त्याला टाकाऊ म्हणू नका. कोरड्या जागी ठेवा. आणि पुसण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, ही काजळी कोणासाठी लागली?