फुल्यांच्या जागी सह्या

तिने बाजू ठरवणारी चिठ्ठी उघडली आणि मैत्रिणीने कपाळावर हात मारून घेतला. वादविवादाचा विषय होता, गुंतवणूक विकताना ग्राहकाला नीट समजावून सांगायची सक्ती हवी की नको. नव्या नियमाचा मसुदा निघाला होता, त्यावर कॉलेजं सरकारला आपापला ठराव पाठवणार होती, आणि तिच्या वाट्याला आली 'नको'ची बाजू.

"बदलून घे गं! तुझ्या बाबांना याच माणसाने बुडवलं ना?"

"असू दे. हीच हवी होती मला. तू फक्त त्याच्या सह्यांचे कागद लाव."

हा माणूस म्हणजे आजचे परीक्षक, बँकेचे मोठे साहेब. चार वर्षांपूर्वी ते साधे मॅनेजर होते. तिचे बाबा छापखान्यात मुद्रितशोधक; पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेली. निवृत्तीची रक्कम मुदतठेवीत ठेवायला गेले, तर साहेबांनी चहा पाजला, कागदांवर पेन्सिलीने फुल्या मारल्या आणि म्हणाले, "काका, फुली तिथे सही." एवढ्या भल्या माणसासमोर वाचत काय बसायचं, म्हणून बाबांनी सतरा सह्या ठोकल्या. ठेव कसली, विमा निघाला तो! पुढचे हप्ते झेपले नाहीत आणि होतं तेही गेलं. तक्रारीला उत्तर आलं, सही आहे म्हणजे समजलं होतं. नातेवाईक बाबांना 'शहाणे' म्हणून चिडवू लागले. त्यानंतर बाबांनी साधा पेपरही उघडला नाही. चार वर्षं तिच्या अंगाची नुसती लाहीलाही होत होती.

मैत्रिणीने साहेबांपुढे मानधनाची पावती, गुणपत्रिका आणि आणखी दोन-चार कागद ठेवले, फुल्या मारून. प्राचार्यांशी हसत-खिदळत साहेब सह्या करत गेले.

तिची पाळी आली. "सही म्हणजे सही!" ती कडाडली. "हात आपला, पेन आपलं. सही केली म्हणजे वाचलं, समजलं, पटलं. मग नियम हवा कशाला?"

साहेबांनी चक्क टाळी वाजवली.

"पुरावा म्हणून एका फार शिकलेल्या माणसाचा सही केलेला कागद वाचते. 'मी म्हाताऱ्या ग्राहकांना ठेव सांगून विमा विकला. नवा नियम हवाच.' सर, सही तुमचीच ना?"

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला, ते ताडकन उभे राहिले. "हा चावटपणा आहे! सही माझी आहे, पण मी... मी वाचलंच नव्हतं!"

समोरचा माईक चालूच होता. सभागृहात हशा पिकला. ती हसली नाही.

"मग मी हरले, सर. ठरावात तुमचं 'वाचलंच नव्हतं' एवढं एकच वाक्य घालू."

मागच्या रांगेत तिने मुद्दाम आणून बसवलेले बाबा उठून उभे राहिले.

"मीही नव्हतं वाचलं, साहेब."

साहेबांनी त्यांना ओळखलं. बाबा सावकाश पुढे आले, लेकीच्या हातून कागद घेतला, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागले. त्यांचं वाचून होईपर्यंत साहेबांना कुणी बसा म्हटलं नाही.