काठोकाठ भरलेला कप

फेक. कप. थांब. दोन पावलं.

सकाळपासून एवढंच चाललंय. मी काठीनं गळाची दोरी पलीकडच्या काठाकडे फेकते. शेजारी मांडीभर पाण्यात उभा असलेला आल्वारमामा कॉफीचा कप माझ्या मोकळ्या हातात देतो. गळाला बांधलेली पिसांची माशी प्रवाहातून आडवी सरकत येते. मामा कप परत घेतो. प्रवाहाबरोबर दोन पावलं खाली.

कप कशाला?

मी ट्राउट मासे पकडत वाढले. ट्राउटनं माशीला तोंड लावलं की गळाची काठी वर, त्याच क्षणी. वडिलांनी हे हाडात भिनवलंय. स्टीलहेड म्हणजे तोच ट्राउट, पण समुद्र बघून आलेला. तो माशी तोंडात धरून वळतो, आणि त्याला वळू दिलं तरच गळ रुततो. सहा हिवाळ्यांत अकरा स्टीलहेडनी माशी धरली. अकराही वेळा मी काठी उचलली. एकालाही हात लावायला मिळाला नाही. आज मोसमाचा शेवटचा दिवस, आणि मामाचे गुडघे पुढच्या वर्षी त्याला पाण्यात उतरू देणार नाहीत.

म्हणून कप. दचकलीस तर गरम कॉफी थेट बाहीत, असं त्यानं बजावलं. मी म्हटलं, अख्खी नदी हसेल. तो म्हणाला, मासे सहा वर्षं हसताहेतच, नदीनं काय घोडं मारलंय.

फेक. कप. थांब. दोन पावलं.

फेक. कप. थां—

टक.

बोटाखालची सैल दोरी सरकली. हात म्हणाला, वर. कॉफी काठावर आली.

"सिग्रिड, कॉफीकडे बघ. फक्त कॉफीकडे."

बघितलं. तपकिरी. तीत पाइनची एक सुई. सैल दोरी संपली, आणि काठीवरचं रीळ किंचाळलं, किंचाळतच राहिलं, खाली वळणावर पाणी फुटलं, हवेत हातभर चांदी, कप कुठे गेला कोण जाणे, मी धावतेय, दगड, घसरले, उठले, दोरी आहे, अजून आहे, आहे

आहे.

उथळ पाण्यात दोन्ही हातांत धरला. पाठीवरचा शेपटीजवळचा छोटा पर शाबूत. मत्स्यकेंद्रात जन्मलेल्या माशांचा तो कापलेला असतो; हा नदीतच जन्मलेला, सोडायचाच. गळ काढला. थंड, जड, मग नुसतं पाणी. माझे दात वाजत होते आणि बोलणं थांबत नव्हतं.

ज्याला मासा लागला त्यानं पाण्यातली आपली जागा मागच्याला द्यायची, ही इथली रीत. मामा काठी घेऊन उतरला. मी थर्मासमधून दुसरा कप भरून पुढे केला. पन्नास वर्षं झाली या नदीवर, असं काहीतरी पुटपुटत त्यानं तो नाकारला.

फेक. थांब. दोन पावलं.

फेक. थां—

मामाची काठी ताडकन वर गेली.

दोरी सैल पडली; मासा निसटला. मग मान न वळवता त्यानं हात माझ्याकडे लांबवला.

"काठोकाठ भर," तो म्हणाला.