गुंजनच्या डब्यातलं वरण

मी देवराव. नंदनवन वस्तीत आमचं सावजी भोजनालय आहे. बाप-आजा उमरेडले हातमागावर बसत. माग बंद पडले अन् आम्ही कढईवर आलो. आता गल्ल्यावर पोरगा बसते, संजीव, पण मसाला अजूनही मीच भाजतो. माझ्या रश्श्याची तर्री खाऊन माणसाच्या नाकाडोळ्यातून पाणी येते अन् तरी तो दुसरी वाटी मागते. ही फुशारकी नाही, खरं आहे ते सांगून राहिलो. तर अशा घरात माझी नात गुंजन, दहावीतली पोट्टी, एक दिवस जेवता जेवता वाटी सरकवून म्हणाली, "आबा, मी आजपासून मटण खाणार नाही."

मले आधी हसूच आलं. "काहून वं? कोणी काही म्हटलं का?"

"नाही."

"मग कोण्या महाराजाच्या नादी लागली?"

"कोणाच्याच नाही. मले नाही खावंसं वाटत."

"अवं, पण काही कारण?"

"तुम्ही कारलं खात नाही, आबा. मी तुम्हाले कधी कारण विचारलं?"

बोलायले लय तिखट आहे, माझ्यावरच गेली. पण मले तेव्हा कौतुक नाही वाटलं, राग आला. सावजीच्या घरची पोर अन् मटणाले नाही म्हणते! गिऱ्हाइकांनी ऐकलं तर काय म्हणतील, हे पहिले डोक्यात आलं. पोरीच्या मनात काय आहे हे नंतर तरी आलं का? तेही नाही आलं.

पुढं दिवाळीनंतर तिले शाळेत चक्कर आली. धंतोलीतल्या एका डॉक्टरीणबाईकडे नेलं तर रक्त कमी निघालं. बाई म्हणाल्या, गोळ्या घे, पालक-मेथी खा, मोड आलेली कडधान्यं, गूळ-शेंगदाणे, तीळ, अन् जेवताना लिंबू पिळत जा. मटण खाल्लं तर चांगलंच, पण नाही खाल्लं तरी जमते. आता पाहा, बाई इतकं बोलल्या, पण मी फक्त 'मटण खाल्लं तर चांगलंच' एवढंच ऐकलं. उरलेलं या कानातून त्या कानात.

घरी आल्यावर तिच्या बापानं, संजीवनं, तिले अटच घातली. "तीन महिने तुले पाहिजे ते खा. रक्त वाढलं तर तुले कोणी काही म्हणणार नाही. नाही वाढलं तर मुकाट्यानं आमच्या ताटात जेवायचं."

"मंजूर," म्हणे गुंजन.

अन् लागली ना बाप्पा पोट्टी कामाले! रोज मटकी भिजवे, फडक्यात बांधे, सकाळी मोड आले का ते पाही. लिंबाशिवाय घास घेत नव्हती. गोळीनं मळमळे तरी नाक दाबून गिळे. चहा तिले जीव की प्राण, पण जेवणावर चहा घेतला तर लोह अंगी लागत नाही असं कुठं वाचलं, तर तोही सोडला. मी हे सगळं पाहत होतो अन् मनात म्हणत होतो, गवत खाऊन कुठं रक्त वाढते का?

मग मी ते केलं. सकाळी भोजनालयात बकऱ्याचे पाय शिजत घालायचे, ते पाणी मलमलच्या कपड्यातून गाळायचं, वरचं तेल काढून टाकायचं, अन् त्या पाण्यात गुंजनच्या शाळेच्या डब्याचं वरण शिजवायचं. वरून लसूण-जिऱ्याची खमंग फोडणी. कोणाच्या बापाले समजणार नाही असं काम. मटणाची बोटी तर नाही ना टाकली, नुसतं पाणी तर आहे, अशी मी माझीच समजूत घालत होतो. नात ठणठणीत झाली म्हणजे झालं. घरात कोणाले बोललो नाही.

पोरीले ते वरण इतकं आवडलं की डबा चाटूनपुसून परत ये. "आबा, तुमच्या हाताले काय चव आहे हो!" म्हणे. मी मिशीतल्या मिशीत हसत होतो.

आता ऐका म्हणजे मी कोण माणूस आहे ते समजेल. माझ्या भोजनालयात बेसनाच्या पाटोडीच्या रश्श्याचा गंज, म्हणजे पातेलं, वेगळा, डाव वेगळा, शेगडीही वेगळी. गळ्यात माळ घातलेला माणूससुद्धा माझ्याकडे बिनधास्त जेवते. आमचा आचारी चंपतराव, त्यानं एकदा घाईत मटणाचा डाव पाटोडीच्या गंजात घातला. मी गिऱ्हाइकांसमोर त्याची अशी खरडपट्टी काढली की बिचाऱ्याले रडू फुटलं, अन् अख्खा गंज मोरीत ओतून दिला. गिऱ्हाइकाले एवढी इज्जत देणारा मी, अन् नातीच्या वेळेस माझी अक्कल कुठं शेण खायले गेली होती कोण जाणे!

तीन महिन्यांनी मी अन् गुंजन रिपोर्ट घेऊन धंतोलीले गेलो. बाईंनी कागद पाहिला अन् खुर्चीतून उठून पोरीची पाठ थोपटली. रक्त मस्त वाढलं होतं. गुंजनच्या डोळ्यात टचकन पाणी आलं. मले राहवलं नाही. पोरगी बाहेर पाणी प्यायले गेली तेव्हा मी हळूच विचारलं, "बाई, बकऱ्याच्या पायाचं पाणी दिलं तर रक्त वाढते न?"

बाई हसल्या. "काका, त्यात लोह असं काही फार नसते. ही तुमच्या पोरीची मेहनत आहे, गोळ्यांची अन् तिच्या खाण्याची. इतकं नेमानं करणारे पेशंट मले मोठ्या माणसांतही भेटत नाहीत."

थोबाडीत बसावी तसं झालं मले. म्हणजे पोट्टीनं आपल्या हिमतीवर बाजी मारली होती, अन् मी उगाच तिच्या डब्यात घाण करून बसलो होतो. बरं, नातीच्या भल्यासाठी केलं म्हणावं, तर तेही तोंड उरलं नाही. ठरवलं, आजपासून बंद. चुपचाप साधं वरण शिजवायचं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

परत येताना ऑटोत गुंजन नुसती चिवचिव करत होती. मधेच माझा हात धरून म्हणाली, "आबा, घरात सगळे मले हसत होते. तुम्ही एकटेच माझ्यासाठी रोज वरण करून देत होते. अन् माहीत आहे का, अर्धं वरण तर हिमानीच खाते!"

"कोण हिमानी?"

"माझी मैत्रीण नाही का, आपल्या मागच्या गल्लीतली. तिच्या घरी तर अंड्याचं नावही चालत नाही. कोणाच्या घरचं पाणीही पीत नव्हती ती. मी म्हटलं, आमच्या आबांच्या हातचं डोळे मिटून खा. तेव्हापासून रोज खाते."

डोळ्यांसमोर ती परक्याची लेक आली, माझ्या नातीच्या भरवशावर घास घेणारी. मनात आलं, देवराव, अजूनही चूप बस, कोणाले समजते? असं मनात आलं हीच लाजेची गोष्ट आहे. पण गुंजननं माझा हात सोडला नव्हता, अन् त्या हातात हात ठेवून मले चूप बसवेना. मी ऑटोवाल्याले थांबवलं. रस्त्याच्या कडेले उभं राहून, खाली मान घालून, सगळं सांगून टाकलं.

वाटलं होतं रडेल, भांडेल, माझ्याच तोंडावर मले चार शिव्या देईल. मी त्यालेही तयार होतो. ती फक्त दोन पावलं मागं सरकली अन् पोटावर हात ठेवला.

"रोज?" म्हणे.

"रोज."

"मले एकदा विचारलं असतं तर काय झालं असतं, आबा?"

मी म्हटलं, "तू नाही म्हटलं असतं."

"हो न," म्हणे ती. "म्हणूनच नाही विचारलं तुम्ही."

एवढा म्हातारा झालो, पण असं मेल्याहून मेल्यासारखं कधी झालं नव्हतं. मग तिनं डोळे पुसले अन् म्हणाली, "हिमानीच्या घरी चला. मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

मागच्या गल्लीत जायले किती वेळ लागते? पण मी गल्लीच्या तोंडाशीच ऑटो सोडला अन् हळूहळू चालत गेलो. हिमानीच्या आईनं, प्रेमलताबाईनं, दार उघडलं. मले पाहून तिनं डोक्यावर पदर घेतला, हात जोडले. "या न काकाजी! तुमच्या वरणाची तारीफ ऐकून ऐकून कान पिकले आमचे. आमची पोरगी जेवणाले लय नखरे करते, पण तुमचं वरण बरोबर खाते. बसा, मी चहा ठेवते. साखर चालते न तुम्हाले? या वयात विचारून घेतलेलं बरं."

"पोरी, काही नको," मी म्हटलं. चपलाही काढल्या नाहीत. उंबऱ्याबाहेर उभा राहूनच सांगितलं. पाय, गाळलेलं पाणी, वरण, सगळं. अर्धवट नाही सोडलं. माझ्या नातीले यातलं काही माहीत नव्हतं, हे मात्र दोनदा सांगितलं.

प्रेमलताबाईचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं दाराची चौकट धरली. आतून हिमानीचा आवाज आला, "आई, कोण आलं?" माझ्याकडे तर प्रेमलताबाईनं पाहिलंही नाही. माझ्या मागं, भिंतीले टेकून, गुंजन रडत होती. बाईनं पाहिलं ते तिच्याकडे.

मग बाहेर आली, माझ्या बाजूनं गेली, अन् गुंजनच्या खांद्यावर हात ठेवला.

"चल बेटा, आत चल," म्हणाली. "सकाळपासून काही खाल्लं का? तुले काय चालते ते मले सांग, तेच करते."

पोरगी हुंदके देत देत तिच्यासोबत आत गेली अन् दार लागलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून गुंजनचा आवाज येत होता, मले हे चालते, हे नाही चालत, अन् ती बाई हो बेटा, हो बेटा म्हणत होती. माझी नात काय काय खाते, हे मी परक्याच्या दारात उभा राहून पहिल्यांदा ऐकलं.